हिला पाऊस सोसत न्हाई

पाचवी रेस संपली होती, सहाव्या रेसचे घोडे पॅडॉकमध्ये, पळण्याआधी लोकांना दाखवत फिरवतात त्या कठड्याच्या जागेत, आले होते, आणि पुण्याचा तो ऑगस्टमधला पाऊस सुरू झाला होता. अंगावर पडताना कळत नाही, दहा मिनिटांनी बाही ओली लागते, तो पाऊस. मी कठड्याला टेकून उभी होते. हातात आदल्या रात्री पेन्सिलीनं खुणा केलेलं रेसचं पुस्तक, आणि त्यात सहाव्या रेसच्या चार नंबराभोवती दोनदा काढलेलं वर्तुळ. चार नंबर म्हणजे एक तांबूस अंगाची, काळ्या आयाळीची घोडी. तिचं नाव इथे लिहीत नाही. मैदानात तसंही कुणी नावानं बोलत नाही, नंबरानंच बोलतात. तिचा मोतद्दार, म्हणजे तिची देखभाल करणारा माणूस, पन्नाशीचा, सडपातळ, टोपीखाली प्लॅस्टिकची पिशवी बांधलेला. ते दोघं माझ्यासमोर आले तेव्हा काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणाले, "छान दिसतेय हो." तो थांबला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. दोर जरासा आवळून घेत म्हणाला, "हिला पाऊस सोसत न्हाई, ताई." आणि पुढे गेला.

मी ते ऐकलं. नीट ऐकलं. आणि तरीही खिडकीवर जाऊन चार नंबरवर पैसे लावले, तिकीट काढलं.

कारण माझ्याकडे कागद होता. मागच्या रेसमध्ये ती कठड्याला अडकली होती, पुढचे दोन घोडे बाजूला होईनात, मोकळी वाट मिळाली तेव्हा शंभर मीटरसुद्धा उरले नव्हते, तरी चौथी आली होती. या वेळी पाठीवर दीड किलो कमी होतं. सकाळच्या सरावात शेवटचे ६०० मीटर तिनं सहज काढले होते. सगळं जुळत होतं. गेट उघडलं, ती चांगली निघाली, आणि साताठशे मीटर झाल्यावर तिचे कान मागे पडले. दुर्बिणीतून मला ते स्पष्ट दिसलं. पुढच्या घोड्यांच्या टापांनी उडणारा चिखल तिच्या तोंडावर येत होता आणि प्रत्येक वेळी ती मान वर झटकत होती. जॉकीनं तिला बाहेरच्या बाजूला घेतलं, चाबूक फक्त दाखवला, मारला नाही. ती शेवटून दुसरी आली. घोडे परतले तेव्हा मी पुन्हा कठड्याशी गेले. खोगीर उतरल्यावर मोतद्दारानं खांद्यावरचं फडकं घेतलं आणि आधी तिचे डोळे पुसले. दोन्ही डोळे, सावकाश, कोपऱ्यातला चिखल बोटानं काढून. मग नाकपुड्या. मग अंगावर झूल टाकली. तिकीट माझ्या मुठीत भिजलं होतं.

त्याला वर्ष होत आलं. आज शनिवार आहे, उद्याचं पुस्तक समोर आहे, आणि सहाव्या रेसमध्ये सात नंबरला तीच घोडी आहे.

शनिवारची रात्र आणि पेन्सिल हे माझ्याकडे मामाकडून आलं. मामा खडकीला कारखान्यात नोकरीला होता. त्याची दोन खोल्यांची जागा, बाहेरच्या खोलीत लोखंडी खाट, तिच्यावर चादर ताणून घातलेली, आणि त्या चादरीवर मामा पालथा पडून रेसचं पुस्तक वाचायचा. सुट्टीत मी तिथेच असायचे. जुलै लागला की पुण्याचा मोसम सुरू, दिवाळीच्या आगेमागे तो संपून घोडे मुंबईला जायचे, आणि मग महालक्ष्मीचा मोसम एप्रिलपर्यंत. मामाचं वर्ष या दोन भागांत वाटलेलं होतं. पण त्याचं खरं प्रेम पावसाळ्यातल्या पुण्याच्या मैदानावर. पूलगेटला बस सोडायची आणि चालत निघायचं, एम्प्रेस गार्डनच्या बाजूची ती जुनी झाडं, ओल्या पानांचा वास, आणि मग अचानक समोर उघडणारं हिरवं. कॅम्पातल्या त्या लष्करी शिस्तीच्या रस्त्यांमधून येताना इतकी मोठी मोकळी जागा पुढे आहे याची कल्पना येत नाही. मला पहिल्यांदा नेलं तेव्हा मी आठ वर्षांची होते, आणि मी घोडे बघितले नाहीत, आधी ऐकले. वळणावरून ते येतात तेव्हा तोफेच्या गाड्यावर कापड टाकून ओढत आणावं तसा एक दबलेला गडगडाट येतो. तो जमिनीतून पायात येतो, कानात नंतर.

मामाच्या वहीत तीन रकाने होते. पहिल्यात नंबर, दुसऱ्यात कारण, तिसरा रविवारी संध्याकाळपर्यंत रिकामा. लोक पहिला कोण आला ते लिहून ठेवतात. मामा ज्या घोड्याला वाट मिळाली नाही त्याचं लिहून ठेवायचा. "जिंकलेला सगळ्यांनी बघितलाय," तो म्हणायचा, "त्याच्यावर लावलेल्या पैशाला मिळणारा भाव उद्या पडणार. जो अडकला तो फक्त आपण बघितलाय." हे मला तेव्हा मोठं गुपित वाटायचं. पुढच्या वेळी खरंच तो अडकलेला घोडा मोकळ्या वाटेनं सुटताना बघितला की मामा माझ्या खांद्यावर हात ठेवायचा, बोलायचा काही नाही.

वजनाचं गणित त्यानं मला तांदळाच्या डब्याजवळ बसवून शिकवलं. हॅन्डिकॅप रेसमध्ये प्रत्येक घोड्याला त्याच्या कामगिरीप्रमाणे गुण असतात आणि त्या गुणांप्रमाणे पाठीवर वजन. एका गुणाला अर्धा किलो. वरच्या घोड्यावर साठ किलोच्या आसपास, खाली उतरत उतरत सगळ्यात दुबळ्यावर सगळ्यात कमी. जॉकी हलका असेल तर उरलेलं वजन शिशाच्या पट्ट्यांनी भरायचं. वजन ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला मनातून काय हवं असतं, तर सगळे घोडे एका ओळीत शेवटच्या खांबाशी यावेत. मामानं एका पायलीत तांदूळ जास्त घातले, दुसरीत कमी, दोन्ही माझ्या हातात दिल्या आणि म्हणाला, चाल. अंगणात दोन फेऱ्या मारल्यावर मला कळलं. आजही हॅन्डिकॅप वाचताना हाताला तांदळाचं ते ओझं आठवतं. आणि एक गोष्ट तेव्हा खटकली होती, अजून खटकते. घोडा जिंकला की पुढच्या वेळी त्याच्या पाठीवर शिसं वाढतं. त्याला हे कुणी सांगत नाही. तो पुन्हा तितक्याच जिवानं पळतो आणि गळाभर मागे पडतो.

गटांच्या कडा एकमेकांवर चढलेल्या असतात, आणि मामाची निम्मी रात्र तिथेच जायची. २० ते ४६ गुणांचा एक गट, ४० ते ६६ गुणांचा त्याच्या वरचा. मग ४२ गुणांचा घोडा दोन्हीकडे बसतो. खालच्या गटात पळवला तर समोर दुबळे, पण पाठीवर जवळजवळ सगळ्यांत जास्त ओझं. वरच्या गटात पळवला तर समोर तगडे, पण पाठ हलकी. दोन्हींत आठ-दहा किलोंचा फरक पडू शकतो. ट्रेनरनं यातलं काय निवडलंय यावरून त्याच्या मनात काय आहे ते वाचायचं. मामाला त्यात पत्ते उघडण्यापेक्षा माणूस ओळखल्याचा आनंद होता. घोडा उतरत्या वयाचा असेल, पाय दुखरे असतील, तर त्याला हलकी पाठ बरी. अंगानं दांडगा, छातीनं रुंद असेल तर ओझं त्याला जाणवत नाही, त्याला दुबळी सोबत बरी. "कागद बघून सांगता येत नाही, अंग बघावं लागतं," हे मामानं मला कितीदा सांगितलं असेल. आणि ऑगस्टमधल्या त्या दुपारी मी अंगाकडे न बघता कागदाकडे बघितलं.

सकाळच्या सरावाच्या वेळा छापून यायच्या त्यातही त्याचा एक ठाम नियम होता. आकडा नंतर वाचायचा, शेजारचा शब्द आधी. ६०० मीटर ३७ सेकंदांत, पण रेटून. आणि ६०० मीटर ४० सेकंदांत, पण सहज. सगळं मैदान ३७च्या मागे जायचं. मामा 'सहज' या शब्दाखाली रेघ मारायचा. त्या शब्दाचा घोडा उद्या किती देईल ते त्याच्याजवळ शिल्लक आहे, रेटलेल्यानं सगळं पहाटेच देऊन टाकलंय, असं त्याचं म्हणणं. मी हे पुढे आयुष्यात माणसांनाही लावून बघितलं आणि बऱ्याचदा खरं निघालं.

मामीला हे काहीच आवडायचं नाही. तिचा राग आरडाओरड्याचा नव्हता. ती रविवारी सकाळी थालीपिठांचा डबा भरून द्यायची, वर लोण्याची डबी, आणि म्हणायची, "जा, पण पगाराच्या पाकिटाला हात लावू नका." तिच्या भीतीला कारण होतं. त्यांच्याच चाळीत खालच्या मजल्यावर एक गृहस्थ होते, त्यांनी आधी सायकल विकली, मग बायकोच्या पाटल्या, मग जागा. सामान टेम्पोत चढवत होते तेव्हा मी जिन्यात उभी होते. त्यांच्या मुलीनं माझ्याकडे तिची चित्रांची वही दिली, ठेव म्हणाली, आणि नंतर कधी परत मागायला आली नाही. ती वही माझ्याकडे बरीच वर्षं होती. रेसवर प्रेम असलेल्या प्रत्येकानं हे दुसरं पान उघडं ठेवूनच लिहायला हवं असं मला वाटतं. मैदानाच्या हिरव्या रंगावर मी कितीही लिहिलं तरी तो जिना माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

१९९६च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की घोड्यांची शर्यत हा नशिबाचा जुगार नाही, कौशल्याचा खेळ आहे. मामानं ती बातमी कापून आणली आणि मामीपुढे ठेवली. इतका आनंदलेला मी त्याला क्वचित बघितलाय. जणू वीस वर्षांची त्याची वही कोर्टानं वाचून सही करून परत दिली होती. मामीनं बातमी सगळी वाचली, चष्मा काढला आणि म्हणाली, "कौशल्य आहे ना? मग ते तिकिटाशिवायही दिसेलच की. नुसतं लिहा. बरोबर आलं तर तुम्ही हुशार." मामा गप्प झाला. आणि पुढच्या मोसमापासून त्यानं खरंच तिकीट काढणं सोडलं. मैदानात जायचा, डबा न्यायचा, वहीत लिहायचा, तिसरा रकाना भरायचा, आणि बसनं परत यायचा. त्यानं हे मामीसाठी केलं की स्वतःला आजमावून बघण्यासाठी, मला अजून ठरवता येत नाही. पण त्या वर्षांतल्या वह्यांचं अक्षर जास्त सुंदर आहे.

मामीचा मात्र एक प्रश्न असायचा. कोण जिंकलं, किती मिळाले, हे ती कधी विचारायची नाही. मामा चपला काढत असतानाच ती आतून विचारायची, "सगळे घोडे परत आले का?" मामा म्हणायचा, आले. मग ती चहा ठेवायची.

एका रविवारी मामानं उत्तर दिलं नाही. त्या दिवशी मीही सोबत होते. शेवटच्या वळणावर मधला एक घोडा एकदम खाली गेला, जसा एखादा जिना चुकावा तसा. जॉकी दूर फेकला गेला, तो उठला. घोडाही उठला, तीन पायांवर. चौथा गुडघ्याखाली भलत्याच दिशेला लोंबत होता आणि तो त्यावर उभं राहायचा प्रयत्न करत होता. बाकीचे घोडे खांबापर्यंत गेले, कुणीतरी पहिलं आलं, स्टँडात अर्धे लोक ओरडत होते. मग गाडी गेली, माणसं धावली, त्याच्याभोवती कनात धरली. मामानं माझं तोंड स्वतःच्या शर्टात दाबून धरलं. पुढे मोठेपणी मी वाचलं की हे का करावं लागतं. साडेचारशे-पाचशे किलोंचं धूड त्या चार बारीक नळ्यांवर तोललेलं असतं. एक मोडली तर बाकीच्या तिघांवर भार येऊन त्यांच्या खुरांचा आतला भाग सुजून सुटायला लागतो, आणि माणसासारखं त्याला आठवडेच्या आठवडे निजवून ठेवता येत नाही. कारण कळलं म्हणून कनात विसरता येत नाही. त्या रात्री मामीनं विचारलं, मामा काही बोलला नाही, आणि तिनं चहा ठेवला नाही. तिघं जण अंधारात बसलो होतो. मामा पुढचे तीन रविवार गेला नाही. चौथ्या रविवारी गेला. मी त्याला तेव्हा माफ केलं नव्हतं. आज मी स्वतः जाते.

पण घोडा माणसाला काय काय देतो हेही मला मामानंच दाखवलं. पत्र्यानं पाय कापला होता म्हणून दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन देत होते, मी रडत होते, तर मामा कानाशी म्हणाला, "रडू नकोस, यात घोडा आहे." आणि ते खरं होतं. तेव्हा ते इंजेक्शन घोड्याच्या रक्तातल्या रसापासून करत. पुण्याच्या पूनावाला स्टड फार्ममधले निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे त्यासाठीच जायचे, आणि त्यातूनच १९६६मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. आज अख्ख्या जगाला लस पुरवणाऱ्या त्या कारखान्याचं मूळ म्हणजे मैदानातून परतलेले म्हातारे घोडे. सापाच्या विषावरचा उतारा आजही घोड्याच्याच रक्तातून येतो. शेतात पान लागलेला माणूस वाचतो तेव्हा त्याच्या अंगात कुठल्या तरी घोड्याचा वाटा असतो. मामा हे सांगताना नेहमी आवाज खाली आणायचा, देवळात बोलावं तसा.

देवळावरून आठवलं. याच रस्त्यानं, रेसकोर्सच्या अंगानं, दर आषाढी वारीत पालख्या हडपसरकडे जातात. मोसम सुरू व्हायच्या जरासं आधी. एका वर्षी मामी मला घेऊन पुढे सदाशिवनगरच्या गोल रिंगणापर्यंत गेली होती. तिथे दोन घोडे पळतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार, आणि दुसरा माउलींचा अश्व, अंकलीच्या शितोळे सरकारांकडून येणारा, ज्याच्या पाठीवर कुणीच बसत नाही कारण तिथे माउली आहेत. लाखभर माणसं श्वास धरून बघतात. माउलींचा अश्व स्वाराला गाठतो, पुढे जातो, आणि एकच गजर होतो. मग सगळे त्या वाटेवर वाकतात, टापांखालची माती कपाळाला लावतात. मामीनंही लावली. माझ्या कपाळाला लावताना म्हणाली, "ही शर्यत बघायला शीक आधी." तिथे शिसं नाही, भाव नाही, आणि तरी हजारो डोळे त्या एका घोड्याच्या पुढच्या पायाकडे लागलेले. मला तेव्हापासून ही दोन मैदानं वेगळी काढता येत नाहीत. भीमथडीच्या तट्टांवर ज्यांनी मुलूख तुडवला त्यांच्या रक्तात हे असणारच, असं मामा म्हणायचा. मला एवढंच माहीत आहे की घोडा भरधाव सुटलेला बघताना घशात जे दाटतं ते दोन्हीकडे सारखंच दाटतं.

मुंबईला मामा डर्बीसाठी एकदाच गेला, मला घेऊन. फेब्रुवारीचा पहिला रविवार. महालक्ष्मी स्टेशनवर उतरून पुलावरून धोबीघाट बघितला आणि मग गर्दीबरोबर चालत राहिलो. समुद्राकडून वारा येत होता, पुढच्या स्टँडात रंगीत टोप्या घातलेल्या बायका, आणि आमच्या बाजूला घामेजलेले शर्ट, शेंगदाण्याच्या पुड्या, आणि रेसच्या पुस्तकावर वाकलेली शेकडो डोकी. मामा मला १९४३ची गोष्ट सांगत होता, पहिली डर्बी, चोवीसशे मीटर, आणि जिंकली ती एक घोडी, बडोद्याच्या महाराजांची प्रिन्सेस ब्यूटिफुल. सगळ्या घोड्यांना मागे टाकून. पहिल्याच पानावर घोडीचं नाव आहे याचा त्याला विलक्षण अभिमान. "नराला वाटतं जोर म्हणजे सगळं," तो म्हणाला, "मादीला शेवटचे दोनशे मीटर राखून ठेवता येतात." त्या १८८३च्या मैदानाची आता वाटणी झालीय, १२० एकर बागेसाठी पालिकेकडे आणि ९१ एकर रेस चालवणाऱ्या क्लबकडे. बाग झाली तर लोक फिरतील, मुलं खेळतील, त्याचं मला वाईट वाटत नाही. फक्त बाजूनं टापांचा तो गडगडाट जात राहावा.

आता उद्याचं.

आठ रेस आहेत. पहिली मी सोडून देते. अजून एकही न जिंकलेल्या घोड्यांची ती रेस, निम्मे तर पहिल्यांदाच मैदानात येतायत. अशा वेळी घोडामैदान जवळ आहे म्हणून थांबावं आणि फक्त बघावं. दुसरी हजार मीटरची. त्यात सुरुवातीपासून पुढे पळणारा एकच घोडा आहे, तीन नंबर. बाकी सगळे मागून येणारे. हजार मीटरमध्ये पुढच्याला कुणी सतावलंच नाही तर तो आपल्या चालीनं श्वास राखून पळतो आणि मागच्यांना त्याला गाठायला जमीन उरत नाही. मामाच्या वहीत अशा घोड्यापुढे 'एकटा' असं लिहिलेलं असायचं. मीही लिहिलं, एकटा. तिसऱ्या रेसमध्ये सगळ्यांचं लक्ष पाच नंबरकडे असणार, लागोपाठ दोन जिंकलाय. पण त्या दोन विजयांची किंमत म्हणून पाठीवर सात किलो जास्त आलेत, आणि अंतर वाढून सोळाशे मीटर झालंय. मी एक नंबर लिहिलाय, जो गेल्या वेळी वळणावर बाहेर फेकला गेला होता. चौथीबद्दल माझं मत अजून होत नाही. पाचवीत त्याच गटांच्या कडेवरचा एक घोडा आहे, ४३ गुणांचा, त्याला या वेळी वरच्या गटात, हलक्या पाठीनं घातलाय आणि डोळ्यांना पहिल्यांदा ब्लिंकर, आजूबाजूचं दिसू नये म्हणूनच्या झापडी, लावलेत. ट्रेनरच्या मनात काहीतरी आहे. त्यालाच टिक. सातवी आणि आठवी उद्या पॅडॉकमध्ये बघून. मांड्यांमध्ये पांढरा फेस आहे का, कातडी पाण्यासारखी चमकतेय का, मागचा पाय पुढच्या पायाच्या खुणेच्याही पुढे पडतोय का, कान कुठे आहेत. कान आधी बघायचे. हे मी गेल्या वर्षी शिकले.

तिकीट मी काढत नाही. त्या ऑगस्टनंतर काढलेलं नाही. लावलेल्या पूर्ण रकमेवर आधी २८ टक्के आणि २०२५च्या सप्टेंबरपासून ४० टक्के कर आल्यापासून खिडक्यांवरची रांगही रोडावलीय, जुनी माणसं कुरकुरतात, काही यायची थांबली. त्यांचं दुःख मला समजतं. पण माझं कारण ते नाही. माझ्या मुठीत भिजलेलं तिकीट होतं आणि समोर तो माणूस तिचे डोळे पुसत होता. रोज पहाटे तिच्या पायावरून हात फिरवणारा, तिला खरारा करणारा, तिची चंदी भिजवणारा, ती रात्री कुठल्या कुशीवर झोपते हे माहीत असलेला माणूस. त्यानं मला एक वाक्य दिलं, काही न मागता. मी ते माझ्या कागदापेक्षा हलकं मानलं. ते बरोबर निघालं म्हणून मला टोचत नाही. घोडी पहिली आली असती तरी ते टोचायला हवं होतं.

मघाशी मामीचा फोन आला होता. ती आता पंच्याऐंशीची आहे, मामाला जाऊन सात वर्षं झाली, पण शनिवार तिच्या लक्षात असतो. "उद्या जाणार आहेस?" "जाईन म्हणतेय." "छत्री ने. आणि घरी आल्यावर मला फोन कर." काय विचारणार आहे ते तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

मामाची शेवटची वही अर्धी कोरी होती, त्यातच मी लिहिते. सहावी रेस, चौदाशे मीटर. नंबर सात. दुसऱ्या रकान्यात कारण लिहायचं असतं. गेट बाहेरचं मिळालंय, म्हणजे तोंडावर चिखल कमी येईल. वजन साडेत्रेपन्न, तिला झेपणारं. गेल्या महिन्यात कोरड्या मैदानावर दुसरी आली, शेवटच्या शंभर मीटरमध्ये सगळ्यांपेक्षा जास्त वेगानं. सराव, सहज. सगळं पुन्हा जुळतंय. मैदान उद्या सकाळी तपासतील, ती टोकदार सळई जमिनीत किती रुतते ते बघून आकडा लावतील. गेले चार दिवस पुण्यात ऊन आहे. मी दुसऱ्या रकान्यात 'कोरडं असेल तर' एवढं लिहिलं आणि थांबले.

साडेअकरा वाजून गेलेत. शेजारच्या गॅलरीच्या पत्र्यावर एक थेंब वाजला. मग बराच वेळ काही नाही. मग दुसरा. मी उठून खिडकीबाहेर हात काढला आणि तसाच धरून उभी राहिले.